अत्तराच्या गावी: कन्नौजला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावण्याची आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती मोडलेली नाही. त्या अत्तरदाणीतले अत्तर येते कुठून, याची चौकशी करत गेल्यास माग अनेकदा उत्तर प्रदेशातल्या कन्नौज या गावापर्यंत जातो. हे गाव जिल्ह्याचे ठिकाण आहे. १९९७ मध्ये फर्रुखाबाद जिल्ह्यातून कन्नौज हा वेगळा जिल्हा काढण्यात आला. तरीही २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती लाखाच्या आतच होती, आणि त्याची चालरीत आजही आसपासच्या खेड्यांच्या बाजारपेठेचीच आहे. सकाळी फुलांची पोती येतात, दुपारी बटाट्याच्या ट्रॉल्या येतात आणि संध्याकाळी खेड्यांतली माणसे सौदा घेऊन परततात. पर्यटकांसाठी म्हणून मांडलेले येथे फारच थोडे आहे. त्यामुळे तयारी न करता गेलेला माणूस दोन तासांत बाजार फिरून, पहिल्याच दुकानात चार कुप्या घेऊन परत फिरतो आणि घरी आल्यावर त्यातली एकही मनासारखी निघत नाही. हे टाळता यावे म्हणून, कोणत्या क्रमाने काय करावे ते पुढे सांगितले आहे. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच, की आधी अत्तर गाळण्याची भट्टी पाहावी, मग नाकाला विश्रांती द्यावी आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करावी.

महिना ठरवणे

सर्वप्रथम महिना ठरवावा, कारण अत्तराचे वेळापत्रक फुलांच्या हंगामावर चालते. गुलाबाचा जोर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत असतो. याच काळात कन्नौजच्या भट्ट्यांवर देशी, सुवासिक गुलाब येतो. काही आसपासच्या शेतांतून आणि काही हाथरस जिल्ह्यातल्या हसायनकडून. बेला म्हणजे आपला मोगरा. ते उन्हाळ्याचे फूल. केवडा कन्नौजमध्ये होत नाही, तो ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात पिकतो आणि तेथेच गाळला जातो. मातीच्या अत्तराचे, म्हणजे मृद्गंध उतरवलेल्या अत्तराचे, काम पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या आसपास जोरात चालते. तेव्हा तेथील तापमान ४५ अंशांच्या घरात असते, हे मात्र विसरू नये.

पहिल्याच भेटीसाठी जाणार असाल तर मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम, असे माझे मत आहे. हवा सोसवते, गुलाब चालू असतो आणि भट्ट्या पेटलेल्या असतात. होळीच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस मात्र टाळावेत, कारण त्या दिवसांत बाजार बंद असतो आणि कारागीर आपापल्या गावी गेलेले असतात. डिसेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत गंगेच्या खोऱ्यात दाट धुके पडते आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. परतीचे आरक्षण ज्यांनी घट्ट बांधून ठेवले आहे, त्यांनी या दिवसांत तिकडे जाऊच नये. लग्नसराईला त्या भागात ‘सहालग’ म्हणतात. त्या दिवसांत आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात दुकानदारांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते, त्यामुळे निवांत बसून वास घेऊन पाहण्याची अपेक्षा तेव्हा ठेवू नये.

पोहोचणे

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने कानपूर हे मध्यवर्ती ठाणे धरावे. मुंबईहून लखनौकडे जाणारी पुष्पक एक्सप्रेस, तसेच मुंबई आणि पुण्याहून त्या बाजूला जाणाऱ्या इतर अनेक गाड्या कानपूर सेंट्रलला थांबतात. कानपूरपासून कन्नौज साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. कानपूरहून फर्रुखाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कन्नौज स्थानक लागते, पण या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. वेळ जुळत नसेल तर कानपूरच्या झकरकटी बसस्थानकावरून राज्य परिवहनची बस घ्यावी. तिकडे या बसला सगळे ‘रोडवेज’ म्हणतात; ‘एसटी’ म्हटल्यास कोणाला कळणार नाही. रस्ता जुन्या ग्रँड ट्रंक रोडचा आहे. चौबेपूर, बिल्हौर अशी गावे घेत बस साधारण दोन ते अडीच तासांत पोहोचते. बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, शीतगृहांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. तेव्हा हाच प्रवास आणखी तासभर लांबला तर नवल वाटू देऊ नये. लखनौला विमानाने उतरणाऱ्यांना आग्रा–लखनौ द्रुतगती मार्ग सोयीचा पडतो. तो तिरवा या तालुक्याच्या गावाजवळून जातो आणि तेथून कन्नौजला वळता येते.

कानपूर-कन्नौज रस्त्यावर कानपूर सोडता-सोडता मंधना लागते आणि तेथून बिठूरला फाटा फुटतो. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावांना इंग्रजांनी जेथे नेऊन ठेवले आणि नानासाहेब जेथे वाढले, तेच हे बिठूर. मराठी माणसाला ही वाट चुकवणे जड जाईल, हे मला कबूल आहे. परंतु बिठूर येताना करावे, जाताना करू नये. अन्यथा कन्नौजला पोहोचेपर्यंत दुपार टळते आणि भट्टीचा पहिला दिवस हातचा जातो.

कन्नौजचे रेल्वे स्थानक ज्या भागात आहे त्याला सरायमीरा म्हणतात, आणि जुना अत्तरबाजार तेथून काही किलोमीटर आत आहे. नवख्याची पहिली फसगत येथेच होते. स्थानकाबाहेर, महामार्गाच्या कडेला अत्तराच्या पाट्यांची गर्दी पाहून हाच बाजार असा समज होतो. तेथे न थांबता बॅटरीवरची रिक्षा पकडावी आणि ‘बड़ा बाज़ार’ असे सांगावे. रिक्षात इतर प्रवासी बसतील, ती वाटेत थांबेल. एकट्याने जायचे असल्यास बसण्याआधीच तसे बोलून भाडे ठरवावे. चालकाने आपणहून एखाद्या दुकानाचे नाव सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण अशा वेळी त्याच्या दलालीचा भार शेवटी आपल्याच कुपीवर पडतो.

मुक्कामाबाबत थोडक्यात सांगायचे तर कन्नौजमध्ये साधी, स्वच्छ लॉज मिळतात, पण निवड फारशी नाही. लग्नाच्या तिथीला त्यांतल्या सगळ्या खोल्या वऱ्हाडाने भरलेल्या असतात, म्हणून आधी दूरध्वनी करून खोली पक्की करावी आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. कुटुंबासह, विशेषतः लहान मुले व वृद्ध बरोबर असल्यास, कानपूरला राहून दोन दिवस जाऊन-येऊन करणे अधिक सोयीचे ठरते. जुन्या बाजारात स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह मिळणे कठीण जाते. त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी ती व्यवस्था लॉजवरच उरकून घ्यावी.

बोलण्याची रीत

मुंबईच्या हिंदीवर वाढलेल्या माणसाने कन्नौजमध्ये पाऊल ठेवताच दोन शब्द खिशात घालून टाकावेत: ‘तुम’ आणि ‘मेरे को’. तेथे अनोळखी माणसाला, मग तो रिक्षावाला असो की चहावाला, ‘आप’ म्हणतात, आणि ‘मेरे को’च्या जागी ‘मुझे’ येते. समोरचा माणूस स्वतःविषयी ‘हम’ म्हणत असला, तर त्यात मिजास नसून ती तिथली बोली आहे. ‘भैया’ हा शब्द आपल्याकडे ज्या सुरात उच्चारला जातो, तो सूर आठवून कित्येक मराठी पाहुणे तेथे संकोचतात. कन्नौजमध्ये मात्र तो थोरल्या भावाला द्यावयाचा मान आहे, तेव्हा तो निःसंकोच वापरावा. वयस्क कारागिराला ‘चाचा’, दुकानाच्या मालकाला ‘भाईसाहब’ आणि मालकीणबाईंना ‘भाभीजी’ किंवा ‘दीदी’ म्हटले की बोलणे पुढे सरकते.

दुकानात शिरताच कोणी किंमत सांगत नाही. आधी ‘बैठिए, पानी पीजिए’ होते, आणि पाण्याबरोबर काहीतरी गोड येतेच, कारण पाहुण्याला नुसते पाणी देणे तेथे अशोभनीय समजतात. आपल्या खेड्यांतल्या गूळपाण्याचीच ही उत्तरेकडची बहीण आहे. कन्नौजमध्ये या गोडाच्या जागी बहुधा गट्टा असतो. साखरेच्या पाकाचा हा कडक, चावायला चिवट तुकडा गावाची खासियत आहे. तो नाकारू नये. नाकारायचाच असेल तर निदान एक कण तोंडात टाकून मग नाकारावा. हे पाणी पिण्यात दहा मिनिटे जातात आणि त्या दहा मिनिटांत दुकानदार आपली पारख करत असतो: हा घाऊक घेणारा आहे, हौशी आहे, की नुसता वास घेऊन जाणारा आहे. आपण हौशी आहोत, पहिल्यांदाच आलो आहोत आणि आज खरेदी करणार नाही, हे या वेळी सरळ सांगून टाकावे. खोटी घाऊक ऐट आणणाऱ्याचे बिंग दुसऱ्याच प्रश्नाला फुटते.

भट्टी पाहणे

भट्टी पाहण्यासाठी तिकीट किंवा ठरलेली वेळ असा प्रकार बहुतेक ठिकाणी नाही. कारखाना, असेच त्याला तिकडे म्हणतात, बहुधा मालकाच्या घराच्या किंवा दुकानाच्या मागेच असतो आणि तो पाहणे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानात जाऊन ‘कल सुबह भट्ठी चलेगी क्या, देखने आ सकते हैं?’ असे विचारावे. गुलाबाच्या हंगामात सकाळी आठच्या आत पोहोचावे. फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडली जातात आणि सुगंध उडून जाऊ नये म्हणून ती आल्या-आल्या देगेत, म्हणजे भट्टीवरच्या तांब्याच्या भांड्यात, भरण्याची घाई असते. दहानंतर जाणाऱ्याला झाकण लावलेली भांडी तेवढी दिसतात.

काय पाहायचे आहे हे आधी ठाऊक असले तर त्या धुरकट खोलीत पुष्कळ काही कळते. तांब्याच्या मोठ्या गोल भांड्याला ‘देग’ म्हणतात. तिच्यात फुले आणि पाणी घालून झाकण बसवतात आणि झाकणाची फट कापूस व ओल्या चिकणमातीने लिंपतात. खाली लाकूड आणि गोवऱ्यांचा जाळ असतो. झाकणातून बांबूची एक नळी तिरपी खाली उतरते, तिला ‘चोंगा’ म्हणतात, आणि तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असते. ही नळी लांब मानेच्या तांब्याच्या दुसऱ्या भांड्यात, म्हणजे ‘भपक्या’त जाते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ तेथे थंड होते, तिच्यातला सुगंध तेल धरून ठेवते आणि पाणी वेगळे होऊन खाली बसते. हे पाणी काढून पुन्हा देगेत घालतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर ताज्या फुलांची नवी देग चढते. चंदनाच्या तेलाचे पोट सुगंधाने भरेपर्यंत हे चक्र कित्येक दिवस, कधी पंधरवडाभरही चालू राहते. भपक्यात तेल न घालता फुलांचा नुसता अर्क काढला तर त्याला ‘रूह’ म्हणतात. रूहचे आणि अत्तराचे भाव यांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर का असते, हे येथे उभे राहिल्यावर आपोआप उमगते.

या साऱ्या कामात तापमापक नसतो, दाबमापकही नसतो. कारागीर हौदातल्या पाण्यात हात घालून त्याची ऊब पाहतो, देगेतून येणारा आवाज ऐकतो, आणि आच वाढली असे वाटले तर ओले फडके देगेच्या पोटावरून फिरवतो. त्याला प्रश्न विचारायचे असल्यास तो देगेपासून बाजूला येईपर्यंत थांबावे. भट्टीपाशी सैल ओढणी, पदर किंवा लांब उपरणे घेऊन जाऊ नये. सुती कपडे आणि बंद पादत्राणे घालावीत. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. बहुतेक जण भट्टीचे छायाचित्र काढू देतात, पण मसाल्यांचे मिश्रण जेथे तोलले जाते त्या कोठीचे काढू देत नाहीत, आणि त्यांचे ते बरोबरही आहे. मिश्रणांची प्रमाणे हीच एकेका घराण्याची पुंजी असते. निघताना कारागिराला चहापाण्यासाठी काही द्यावेसे वाटले तर ते मालकाच्या देखत द्यावे.

मातीचे अत्तर हा या गावाचा सर्वांत नवलाचा माल आहे. कोरड्या मातीच्या टिकल्या थापून अर्धवट भाजतात आणि त्या देगेत घालून त्यांचा गंध चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाने उठणारा मृद्गंध त्या तेलात अगदी नेमका उतरलेला असतो, आणि रोहिणी नक्षत्रात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला तो कुपीतून हुंगताना जे वाटेल, ते मी येथे लिहू शकत नाही.

तयार अत्तर पूर्वी चामड्याच्या ‘कुप्पी’त भरून उन्हात ठेवत. चामड्यातून उरलासुरला ओलावा निघून जाई आणि तेल आत राही. काही कारखान्यांत ही रीत आजही पाळतात. अशी कुप्पी पाहायला मिळाली तर हातात घेऊन जरूर पाहावी.

खरेदी

भट्टी पाहून झाल्यावर त्या दिवशी काहीही विकत घेऊ नये. दोन तास गुलाबाच्या वाफेत उभे राहिलेले नाक निकामी झालेले असते आणि त्याला सगळेच सुंदर वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगाला साबणाखेरीज काही न लावता, पोटभर न्याहारी करून बाजारात जावे. खस्ता कचोरी आणि जिलेबी ही तिथली नेहमीची न्याहारी आहे. खाऊन हात नीट धुवावेत, नाहीतर हिंगाचा वास दुपारपर्यंत बोटांवर राहतो आणि बिचाऱ्या खसाला, म्हणजे आपल्या वाळ्याला, दोष मिळतो.

एका बैठकीत चार, फार तर पाच वास घ्यावेत. दुकानदार काडीला कापूस गुंडाळून अत्तरात बुडवतो. या काडीला ‘फुरेरी’ म्हणतात, आपल्याकडच्या फायाची ती सख्खी नातेवाईक. ती नाकाला लावू नये. मनगटाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकवून घ्यावी, चोळू नये, आणि थोडा वेळ तो विषय सोडून द्यावा. फुलाचा पहिला दरवळ ओसरल्यावर जे मागे उरते, तेच आपण दिवसभर अंगावर वागवणार असतो. म्हणून प्रत्येक मनगटावर एकच अत्तर घ्यावे, बाहेर पडून कुल्हडमधला चहा प्यावा, गल्ल्यांतून तासभर हिंडावे आणि मग परत येऊन ठरवावे. दुकानदाराला याचा राग येत नाही. उलट परत आलेल्या गिऱ्हाइकाशी तो अधिक मोकळेपणाने बोलतो.

कोणते अत्तर घ्यावे हे ज्याच्या-त्याच्या आवडीवर आहे, पण तिकडे ऋतूचा एक संकेत पाळला जातो आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गुलाब, खस, बेला आणि माती ही थंड समजली जातात आणि उन्हाळ्यात लावली जातात. हिना आणि शमामा ही उष्ण मानली जातात आणि थंडीत लावली जातात. शमामा हे एका फुलाचे अत्तर नव्हे. कितीतरी मसाले आणि वनस्पती मिळून ते बनते. त्यात जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी, लवंग, वेलदोडा यांबरोबर ‘छडीला’ नावाचा एक जिन्नस असतो. छडीला म्हणजे आपले दगडफूल. गोड्या मसाल्याच्या डब्याचे झाकण उघडल्यावर येणाऱ्या वासाची एक पुसट आठवण शमाम्यात का सापडते, त्याचे एक कारण हे असावे.

आता किंमत. एकाच नावाचे अत्तर शंभर रुपयांनाही मिळते आणि त्याच्या कित्येक पट भावानेही मिळते, आणि दोन्ही विकणारे खोटे बोलत असतातच असे नाही. फरक मुख्यतः ‘बेस’चा, म्हणजे सुगंध ज्यात उतरवतात त्या तेलाचा, असतो. पारंपरिक अत्तराचा बेस चंदनाचे तेल हाच होता. परंतु गेल्या काही दशकांत ते अतोनात महाग झाल्यापासून पुष्कळसा माल लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम गंधहीन द्रावकावर बनू लागला. तिसरा प्रकार भट्टीवर न चढलेल्या, प्रयोगशाळेत बनलेल्या सुगंधी रसायनांच्या मिश्रणाचा आहे. त्याला बाजारात ‘कंपाउंड’ म्हणतात. म्हणून ‘असली है क्या?’ हा प्रश्न निरर्थक आहे, त्याचे उत्तर नेहमी ‘जी, बिलकुल’ असेच येते. विचारावयाचे प्रश्न तीन आहेत: ‘इसका बेस क्या है? देग-भपके का है या कंपाउंड? और इसी का चंदन बेस वाला दिखाइए।’ हे तिन्ही एका दमात विचारले की दुकानदार मागच्या कपाटाकडे वळतो. चंदनाच्या आणि पॅराफिनच्या बेसमधला तोच गुलाब शेजारी-शेजारी हुंगून पाहिला की नाकाला फरक एकदाच कळतो आणि मग आयुष्यभर कळत राहतो.

कागदावर थेंब टाकून, पाण्यात थेंब सोडून किंवा तळहातावर चोळून ‘शुद्धता’ सिद्ध करण्याचे जे प्रयोग दाखवले जातात, त्यांवर विसंबू नये. त्यांतून भेसळ ओळखण्याइतका निर्णायक पुरावा मिळत नाही. खरी तपासणी यंत्रावरच होते. १९९१ मध्ये स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र कन्नौजमध्येच आहे. तेथे प्रयोगशाळा आहे आणि अत्तरनिर्मितीचे प्रशिक्षणवर्गही चालतात. ज्या वस्तीत हे केंद्र आहे तिचे नाव मकरंदनगर. इतके चपखल नाव क्वचितच कुठल्या सरकारी संस्थेच्या पत्त्यात सापडेल. व्यवसाय म्हणून या विषयात उतरू पाहणाऱ्यांनी बाजारापूर्वी या केंद्राकडे पत्रव्यवहार करावा. कन्नौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण मानांकनाची चिठ्ठी डकवलेली प्रत्येक कुपी चंदनाच्याच बेसची असते असा अर्थ त्यातून काढू नये.

माप तोळ्यात चालते. सोनारांचा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, अत्तराच्या दुकानात मात्र तोळा म्हणून कुठे १० मिलिलिटरची तर कुठे १२ मिलिलिटरची कुपी पुढे येते. दोन दुकानांचे भाव ताडून पाहताना कुपीत नेमके किती मिलिलिटर आहे ते विचारावे. पहिल्या खेपेला तोळाभर घेण्याची गरजही नाही; पाव तोळ्याच्या कुप्या मिळतात आणि अस्सल अत्तर थेंबाने वापरायचे असल्यामुळे ती वर्षभर पुरते. भाव करण्याला मर्यादा आहे. स्वस्त मालात घासाघीस चालते, पण चंदनाच्या बेसच्या मालात अर्ध्या किमतीची मागणी करणारा माणूस दुकानदाराला नकळत स्वस्त माल देण्याचे आमंत्रण देतो. त्यापेक्षा तीन-चार कुप्या एकत्र घेऊन थोडी सूट मागावी. पैसे मोबाइलवरून देता येतात, तरी थोडी रोकड जवळ असावी, कारण वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा जुन्या गल्ल्यांत कमी आहे. बिल पक्के मागावे आणि त्यावर अत्तराच्या नावापुढे बेस लिहून घ्यावा. खात्रीचा दुकानदार तो लिहून देतो; जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून गुलाबपाणी घेऊन उठावे.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला बरीच दुकाने काही काळ बंद असतात. बाजाराचा साप्ताहिक सुट्टीचा वारही असतो, तो लॉजवर आदल्या दिवशीच विचारून घ्यावा.

उरलेली दुपार

फुरेरी मनगटावर लावल्यानंतर जो तासभर काढायचा असतो, त्यात जुने गाव पाहून होते. सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी येथे होती आणि चिनी यात्रेकरू युआन श्वांग येथे येऊन गेला. त्या वैभवाचे अवशेष म्हणून आज मुख्यतः मातीचे उंच टेकाड आणि सरकारी संग्रहालयातल्या मूर्ती उरल्या आहेत. संग्रहालय मात्र चुकवू नये, तिथले शिल्पकाम उत्तम आहे. हर्षानंतर या नगरासाठी बंगालचे पाल, प्रतिहार आणि दख्खनचे राष्ट्रकूट यांच्यात पिढ्यान् पिढ्या झुंज चालली. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या कारकिर्दीत खोदले गेले त्या पहिल्या कृष्णाचा मुलगा ध्रुव गंगा-यमुनेच्या दुआबापर्यंत धडकला होता, आणि पुढे तिसऱ्या इंद्राने ९१६ च्या सुमारास खुद्द कन्नौज जिंकले. म्हणजे दख्खनची माणसे या गल्ल्यांत आपल्या आधी हजारेक वर्षांपूर्वी येऊन गेली आहेत, फक्त त्यांचा हेतू अत्तर घेण्याचा नव्हता.

गौरीशंकराचे मंदिर आणि बाला पीराचा मकबरा रिक्षाने एका फेरीत होतात. गंगा मात्र आता गावाला लागून नाही. तिचे पात्र दूर सरकले आहे आणि स्नानासाठी लोक मेहंदीघाटावर जातात. थंडीत गेलेल्यांना आणखी एक दिवस असेल तर लाख-बहोसी पक्षी अभयारण्यात स्थलांतरित पक्षी पाहता येतात. त्यासाठी गाडी ठरवून भल्या पहाटे निघावे.

परतीची बांधाबांध

काचेच्या कुपीचे बूच कितीही घट्ट वाटले तरी प्रवासात तेल झिरपतेच. प्रत्येक कुपी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि मग सगळ्या कुप्या स्टीलच्या डब्यात, कापडाच्या घड्यांमध्ये उभ्या ठेवाव्यात. कपड्यांच्या बॅगेत सुट्या कुप्या ठेवून मी एकदा हिन्याने माखलेला पांढरा सदरा घरी आणला आहे. डाग गेला, वास तीन धुण्यांनंतरही गेला नाही. विमानाने परतणार असाल तर द्रवपदार्थांविषयीचे त्या कंपनीचे नियम खरेदीपूर्वीच पाहून घ्यावेत. रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याला दाखवण्यासाठीसुद्धा कुपी उघडू नये, कारण बंद वातानुकूलित डब्यात शमाम्याचा एक थेंब साऱ्या प्रवाशांना झाशीपर्यंत पुरतो.

घरी अत्तर उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून दूर, कपाटात ठेवावे. चंदनाच्या बेसचे अत्तर वर्षागणिक मुरत जाते. गुलाबपाणी मात्र टिकत नाही, ते आधी संपवावे. आणि दुकानातून उठण्यापूर्वीच प्रत्येक कुपीवर अत्तराचे नाव, बेस, दुकान आणि महिना लिहिलेली चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवून घ्यावी. खस हिरवट असतो आणि हिना गडद, पण गुलाब, बेला आणि माती या तिन्ही कुप्या डब्यातून बाहेर काढल्यावर दिसायला अगदी सारख्या असतात.